आबेरवेन गावची खबर

शारजाच्या खजुरीच्या बागा संपून वाळू सुरू होते, तिथे १९६४ साली एका इंग्रज कंपनीचा कॅम्प होता. जमिनीखाली गोडं पाणी कुठे लागतं ते शोधायचं, भोकं पाडायची आणि नकाशावर खुणा करायच्या, एवढंच कंपनीचं काम. सात साहेब, चाळीसेक मजूर, दोन लँड रोव्हर, आणि झावळ्यांच्या झोपडीतली मेस. मेस सांभाळायचा हमदुल्ला. त्याला सगळे भंडारी म्हणायचे, कारण शारजाला येण्याआधी वीसेक वर्षं तो बोटींवर खलाशांचं जेवण रांधत होता.

मूळचा तो भंडारी नव्हताच. जयगड खाडीच्या काठचा पोरगा, डेकवरचा खलाशी म्हणून बोटीवर चढला होता. पुढे डाव्या पायाची दोन बोटं गेली, डोलत्या डेकवर तोल सांभाळेना, म्हणून सारंगाने, खलाशांच्या मुकादमाने, त्याला चुलीपाशी बसवला. तिथे त्याचा हात असा बसला की पाव भाजावा तर हमदुल्लाने, असं साहेबसुद्धा म्हणू लागले.

त्या वर्षी मार्चमध्ये कॅम्पात नवा इंजिनियर आला. पेनरी नाव. तिशीतला, तांबूस केसांचा, उन्हाने नाक सोलून निघालेला माणूस. बाकीचे साहेब त्याला चिडवायचे की हा इंग्रज नाही, वेल्सचा आहे, आणि तोही म्हणायचा, "नाहीच मुळी." आठवडाभरात शारजाच्या पाण्याने त्याचं पोट बिघडलं. हमदुल्लाने दोन दिवस त्याला पेज आणि ताक दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पेनरीसाहेब जरा सावरून मेसमध्ये येऊन बसला. हमदुल्लाने गरम पाव आणि चहा पुढे ठेवला. साहेबाचं लक्ष कागदात होतं. वर न बघताच तो सवयीने आपल्या बोलीत पुटपुटला, "दियोल्ख."

हमदुल्ला स्वैपाकघराकडे वळला होता, तो जागीच थांबला. तेवीस वर्षांत हा शब्द त्याच्या कानावर पडला नव्हता.

"क्रोएसो," तो म्हणाला.

आता साहेबाने मान वर केली. "काय म्हणालास?"

"तुम्ही मला थँक्यू म्हणालात, साहेब. त्याचा जबाब दिला." मग त्याने ताटलीकडे बोट केलं. "आणि हा बारा. पाव."

पेनरी खुर्ची मागे सारून उभाच राहिला. "हे तुला कोणी शिकवलं?"

"एका म्हातारीने. म्हणजे तेव्हा ती म्हातारी नव्हती. मिसेस प्रिचर्ड."

हमदुल्लाचं इंग्रजी बोटीवरचं, तुटक. तरी त्या सकाळी त्याने साहेबाला बरंच काही सांगितलं.

१९४१ चा जानेवारी. लढाई चालू होती. लिव्हरपूल एका दिवसावर राहिलं असताना त्यांच्या बोटीला पाण्यातला सुरुंग लागला. एका होडीत अकरा माणसं चढली. त्यात हमदुल्ला होता आणि त्याच्या शेजारच्या घरातला गनी, हव्वाबीचा थोरला मुलगा. दोघं एकाच वयाचे, एकाच दिवशी नोकरीला लागलेले. दोन रात्री आणि एक दिवस होडी लाटांवर होती. वर बर्फ पडत होता आणि अंगात सुती सदरे. दुसऱ्या पहाटे होडी एका वाळूच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा गावातली माणसं गुडघाभर पाण्यात शिरली आणि एकेकाला पाठीवर घेऊन चढ चढली. जी चालू शकत होती त्यांना त्याच दिवशी मोटारीने शहरात नेलं. गनी आणि हमदुल्ला राहिले, कारण दोघांना हलवण्यात अर्थ नव्हता. गनीला एका घरी ठेवलं, हमदुल्लाला मिसेस प्रिचर्डच्या दुकानावरच्या खोलीत.

"पुढचे सहा दिवस मला काही आठवत नाही, साहेब. ताप होता. शुद्धीवर आलो तेव्हा बाईने खिडकीतून टेकडीकडे हात केला आणि डोळे पुसले. मला कळलं, गनी गेला."

त्यानंतर दोन आठवडे तो त्या खोलीत पडून होता. खिडकीतून दिसेल तेवढं गाव त्याने पाठ केलं. समोर टपाल कचेरी, तिच्या पुढ्यात हातपंप, बायका बादल्या घेऊन यायच्या. त्यापलीकडे लोहार. एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेली दोन प्रार्थनाघरं. खाली दोन गाड्यांचं स्टेशन, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. किनाऱ्यावर चुन्याची जुनी भट्टी. आणि ज्या दुकानावर तो झोपला होता तिथे घासलेटापासून बुटांपर्यंत सगळं मिळायचं.

"गावाचं नाव?" पेनरीने विचारलं.

"आंबेरवेण."

साहेबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. हमदुल्लाला त्यात नवल वाटलं नाही. लिव्हरपूलच्या इस्पितळात, मुंबईच्या शिपिंग ऑफिसात, कितीतरी साहेबांना त्याने हे नाव सांगितलं होतं. कोणाला ते ओळखता आलं नव्हतं. ऑफिसच्या कागदावर गनीच्या नावापुढे 'किनाऱ्यावर दफन' एवढंच लिहून आलं होतं.

पेनरीने ते नाव दोनदा स्वतःशी उच्चारलं आणि एकदम हसला. "आबेरवेन! चुन्याची भट्टी, पाठीला पाठ लावून दोन प्रार्थनाघरं. अरे भंडारी, ते माझ्या गावापासून वीस मैलांवर आहे. माझी मावशी तिथल्या बाजाराला जायची. मे महिन्यात मी रजेवर निघतोय. जाऊन बघतो. तुझ्या मित्राची कबर असेल तर शोधतो."

खरं तर हमदुल्लाने आनंदाने उडी मारायला हवी होती. पण तो फडक्याने टेबल पुसू लागला.

"कशाला तसदी घेता, साहेब," तो म्हणाला.

"तसदी कसली? वीस मैल तर आहेत."

खरी गोम अशी होती. १९४१ च्या पावसाळ्यात तो काठी टेकत गावी पोचला, तेव्हा हव्वाबी दारातच बसली होती. तिने एकच गोष्ट विचारली. "माझ्या पोराला माती कोणी दिली? नमाज झाली?" आणि हमदुल्लाच्या तोंडून निघून गेलं, "मी दिली, मावशी. जनाज्याची नमाज मी पढलो. किब्ल्याकडे तोंड करून ठेवला त्याला." मातीआधी नमाज झाली, तोंड मक्केकडे आहे, हे ऐकून हव्वाबीने 'अल्हम्दुलिल्लाह' म्हटलं आणि ती उठून चुलीकडे गेली. गनीची खबर आल्यापासून त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली, असं शेजारणी म्हणाल्या. मग खरं सांगायचं तरी कसं?

दर रजेला हव्वाबी त्याला बोलवायची आणि पुन्हा सांगायला लावायची. टेकडी कशी होती, गवत कसं होतं. सांगता सांगता हमदुल्लाने कबरीपाशी एक झाड लावलं, पुढे त्याला फुलंही आणली. गावातल्या पंपाचं पाणी गोडं, दुकानवाली भली, गाडी वेळेवर. हे सगळं हव्वाबीला आपल्या मोहल्ल्याइतकं ठाऊक झालं होतं. त्यातलं गाव खरं होतं. कबर मात्र हमदुल्लाने कधी पाहिलेली नव्हती. थंडीने काळ्या पडलेल्या पायाला फडकी गुंडाळलेल्या अवस्थेतच त्याला खाटेवरून उचलून थेट लिव्हरपूलला नेलं होतं. मातीच्या वेळी तो तापात बरळत होता, आणि त्या गावात दुसरा मुसलमान नव्हता. मग गनीला कोणी, कसं पुरलं असेल?

मे महिन्यात पेनरीसाहेब गेला. त्यानंतरच्या शुक्रवारी हमदुल्ला कंपनीच्या गाडीतून शारजाच्या बाजारात उतरला. गनीचा धाकटा भाऊ मुनीर याचं तिथे कापडाचं दुकान होतं. गनी गेला तेव्हा मुनीर दहा वर्षांचा होता. मॅट्रिक होऊन तो शारजाला आला तोही हमदुल्लाच्याच शब्दावर. जुम्म्याची नमाज झाली की दोघं दुकानात बसून जेवायचे, हा त्यांचा रिवाज होता.

मुनीरला कॅम्पातल्या कोणीतरी आधीच सांगितलं होतं. "हमदुल्लाभाई, हे मी काय ऐकतोय? तुमच्या साहेबाला ते गाव सापडलं? माझ्या भावाच्या कबरीवर जाणार आहे तो? मग मला का नाही बोललात?" त्याने पुडक्यातून पत्राचा कागद काढलासुद्धा. "आजच आईला लिहितो. किती खूश होईल ती!"

"लिहू नकोस," हमदुल्ला म्हणाला.

"का?"

"आधी ऐक माझं."

हमदुल्लाने सगळं सांगितलं. बसल्या जागी, मान खाली घालून, काही न वगळता. तापाचे सहा दिवस, बाईने टेकडीकडे केलेला हात, आणि दारात बसलेल्या हव्वाबीला दिलेलं उत्तर. बाहेर कोणी अरबी गिऱ्हाईक आलं, मुनीरने उठून त्याला मलमलीचे चार वार फाडून दिले, घडी घालून दिली. परत येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा वेगळाच झाला होता.

"म्हणजे नमाज झालीच नाही."

"मला माहीत नाही, मुनीर. झाली नसणारच. पढणारं होतं कोण?"

"आणि तुम्ही तेवीस वर्षं माझ्या आईसमोर बसून तिला झाडं दाखवत होतात."

"तिला झोप लागावी म्हणून बोललो रे पहिल्यांदा. मग परतायची वाटच राहिली नाही."

"खलास," मुनीर म्हणाला. "तुम्ही जा आता."

पुढचे चार शुक्रवार हमदुल्ला बाजारात गेला, नमाज पढला आणि दुकानावरून न थांबता कॅम्पाकडे परतला. एकदा मुनीर दारात उभा होता. दोघांची नजर भेटली, मुनीर आत गेला. मेसमध्ये हमदुल्लाचं काम चालूच होतं. पण एकदा भात करपला आणि एकदा मीठ दोनदा पडलं, तेव्हा कॅम्पचा कारकून खैरुद्दीन हसून म्हणाला, "भंडारी, तब्येत ठीक आहे ना? की म्हातारे झालात?"

जूनच्या शेवटी पत्र आलं. जाड लिफाफा, वर राणीची तिकिटं. खैरुद्दीन वाचून दाखवायला तयार होता. हमदुल्लाने ते हातात फिरवलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. शुक्रवारपर्यंत ते तिथेच होतं, बंद.

शुक्रवारी तो सरळ मुनीरच्या दुकानात शिरला आणि लिफाफा गल्ल्यावर ठेवला. "साहेबाचं पत्र आहे, तुझ्या भावाबद्दलचं. मी उघडलेलं नाही. काय असेल ते तू आधी वाच. मला सांगायचं की नाही, तेही तूच ठरव."

मुनीरने लिफाफ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बसा," तो म्हणाला.

पाच पानं होती. पेनरी इंजिनियर माणूस, त्याने पत्रही नकाशा काढावा तसं लिहिलं होतं. आधी गावाचा इतिहास. मुनीर मनात वाचायला लागला होता, पण पहिलं पान संपायच्या आत तो मोठ्याने, मराठीत सांगू लागला.

"म्हणतो, वेन नावाचा ओढा समुद्राला मिळतो, त्याचं तोंड म्हणजे आबेरवेन. सुरुवातीला कोणा संताची विहीर होती, आजारी माणसं पाण्याला यायची. मग मासेमारी. मग शंभर वर्षं तिथे ओकच्या लाकडाची गलबतं बांधली, एकूण सदतीस. घराघरात कप्तान. तांडेल म्हणा ना आपल्याकडचे!" मुनीरने हमदुल्लाकडे पाहिलं. दोघांच्याही आजोबांची गलबतं होती. "मग रेल्वे आली आणि गलबतं गेली. आता रेल्वेही बंद होणार म्हणे. सरकारने यादी काढली आहे. बस येते, मंगळवारी आणि शुक्रवारी. पंप कोरडा आहे, आठ वर्षांपूर्वी घरोघर नळ आले. वीज आली. शाळेत चौदा मुलं. लोहाराच्या जागी मोटारी दुरुस्त करतात. दोन्ही प्रार्थनाघरं आहेत, पण एकाला आता माणसं पुरत नाहीत."

"आणि दुकान?"

"दुकान आहे. केळी मिळतात आता, लिहिलंय. मिसेस प्रिचर्ड एक्याऐंशी वर्षांची आहे, मुलगी चालवते दुकान. म्हातारीने साहेबाला विचारलं…" मुनीरने कागद जवळ धरला. "विचारलं, 'त्या पोराचे पाय बरे झाले का?'"

हमदुल्लाने तोंडावरून हात फिरवला.

मुनीरने पुढचं पान घेतलं आणि यावेळी आधी मनातच शेवटपर्यंत वाचलं. हमदुल्ला समोरच्या कापडाच्या ताग्यांकडे बघत राहिला. शेवटी मुनीर म्हणाला, "ऐका. शब्दाला शब्द सांगतो.

"'कबर टेकडीवरच्या चर्चच्या आवारात, भिंतीपाशी आहे. ती शोधावी लागली नाही. तिथल्या सगळ्या कबरी पूर्व-पश्चिम आहेत, ही एकटी तिरपी आहे. गावातली मुलं तिला तिरपी कबर म्हणतात. मिसेस प्रिचर्डने त्याचं कारण सांगितलं. गावात तेव्हा कप्तान लुईस म्हणून निवृत्त माणूस होता. त्याची सगळी हयात मुंबईच्या खलाशांबरोबर गेली होती. पोरगा वारला तेव्हा पाद्र्याने पेटी मागवली, खड्डा रांगेत खणायला सांगितला. कप्तान आला आणि म्हणाला, असं चालणार नाही, या लोकांचा कायदा वेगळा आहे. कबर खणणारा कुरकुरला की रांग बिघडेल. कप्तान घरी गेला, होकायंत्र आणि शाळेतला पृथ्वीचा गोल घेऊन आला. मक्केची दिशा काढली, दोरी ताणली आणि त्या दोरीच्या हिशेबाने खड्डा खणून घेतला. पेटी नको म्हणाला. मिसेस प्रिचर्डने लग्नातल्या चादरी दिल्या. त्याला पांढऱ्यात गुंडाळून, उजव्या कुशीवर, तोंड मक्केकडे करून ठेवला. तुमची प्रार्थना कप्तानाला येत नव्हती. तो म्हणाला, चुकीची म्हणण्यापेक्षा गप्प उभे राहू. म्हणून सगळं गाव टोप्या काढून पावसात गप्प उभं राहिलं. कप्तान वारला त्याला बारा वर्षं झाली. गवत मिसेस प्रिचर्डची मुलगी कापते. दगड नाही, लाकडी फळी आहे. तिच्यावर नाव लिहिलंय, जी ए एन ई वाय.'"

मुनीरने पानं एकावर एक ठेवली. रस्त्यावरून एक गाढव पाण्याचे डबे खडखडवत गेलं.

"नाव चुकलंय," मुनीर म्हणाला. मग त्याला रडू आलं. आपला भाऊ त्याला फारसा आठवतही नव्हता. खांद्यावर बसवून खाडीत नेणारा एक माणूस, एवढंच. पण तो लहान मुलासारखा रडला, आणि हमदुल्लाने उठून दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली, गिऱ्हाइकाने पाहू नये म्हणून.

सावरल्यावर मुनीर म्हणाला, "तोंड किब्ल्याकडे होतं तर."

"होतं. मला ठाऊक नसताना बोललो मी."

"नमाज तेवढी राहिली." मुनीरने डोळे पुसले. "आपण शाफई पंथाचे ना, हमदुल्लाभाई? आपल्यात गायबाना नमाज होते. मय्यत समोर नसली तरी."

"इतक्या वर्षांनी?"

"विचारू या."

बाजारामागच्या मशिदीचा इमाम रास अल खैमाचा म्हातारा होता, एका डोळ्याने अधू. मुनीरने त्याला अरबीत सगळी हकिगत सांगितली. इमामाने पृथ्वीच्या गोलाचं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "तो वारला तेव्हा तुम्ही दोघं त्याची नमाज पढण्याच्या वयाचे होतात का?"

"हा होता," मुनीर म्हणाला. "मी दहा वर्षांचा. पण नमाज समजत होती."

"पुरे झालं. तेवीस वर्षं त्याने वाट बघितली, आता आणखी उशीर करू नका. यल्ला, चला, असरनंतर."

असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाल्यावर इमामाने लोकांना थांबायला सांगितलं. बलुची हमाल, दोन इराणी दुकानदार, अरबी मच्छीमार, खैरुद्दीन कारकून. तीन रांगा झाल्या. पुढे काही ठेवलेलं नव्हतं, नुसती चटई. चार तकबीर झाल्या, चार वेळा 'अल्लाहु अकबर'. हमदुल्ला पहिल्या रांगेत होता. जनाज्याच्या नमाजेत सजदा, म्हणजे जमिनीला कपाळ टेकणं, नसतो, सगळी उभ्यानेच होते. सलाम फिरवून नमाज संपल्यावरसुद्धा तो तसाच उभा राहिला, तेव्हा मुनीरने त्याच्या कोपराला धरून त्याला बाहेर आणलं.

आता हव्वाबीला काय लिहायचं, हा प्रश्न उरला. मुनीरचं म्हणणं पडलं की तिला काहीच सांगू नये. तोंड किब्ल्याकडे होतं, नमाज झाली, मग म्हातारीला उगाच कशाला दुखवायचं?

"नाही," हमदुल्ला म्हणाला. "तू तुझ्या बाजूने लिही, हवं तर माझ्या बाजूने चार शिव्या लिही. पण खरं लिही. मला आता पुढच्या रजेला तिच्यासमोर बसून झाड दाखवता येणार नाही."

मुनीरने लिहिलं. तीन पानं, आणि साहेबाच्या पत्राचं मराठीही सोबत जोडलं. शिव्या लिहिल्या नाहीत.

उत्तराला सात आठवडे लागले. मधल्या काळात पेनरीसाहेब रजेवरून परत आला, नाक पुन्हा सोलून घेऊ लागला. त्याने कबरीचा एक फोटो आणला होता. हमदुल्लाने तो पाहिला. भिंत, गवत, फळी आणि मागे पसरलेला समुद्र. जवळपास झाड नव्हतं.

हव्वाबीचं पत्र शेजारच्या हाफिजाच्या हातचं होतं, पण बोल हव्वाबीचेच. मुनीरने ते दुकानात वाचून दाखवलं.

"'हमदुल्लाला सांग, मला पहिल्या वर्षीच शक आला होता. हा पायाची बोटं गेलेला पोरगा टेकडी कशी चढला असेल? पण तो सांगायचा तेव्हा माझा गनी थोडा वेळ घरात असायचा, म्हणून मी विचारलं नाही. तरी त्याने खरं सांगितलं असतं तर मी आपल्या जमातीत तेव्हाच नमाज पढवून घेतली असती. एवढा राग माझा राहील. तो राहू दे.

"'आम्हीही काल इथे नमाज पढवली. सगळा मोहल्ला आला. त्या चादरीवाल्या बाईला माझा सलाम लिही. तिला काजू पाठवते आहे, ते साहेबाच्या हाती दे. तिला किती मुलं? तिचा मालक आहे की वारला? नळाचं पाणी पंपासारखंच गोडं आहे की खारट? कप्तानाच्या घरात आता कोण राहतं? फळीवरचं नाव साहेबाला नीट करून घ्यायला सांग. आणि हमदुल्लाला म्हणावं, रजा काढून ये. बसून सगळं पहिल्यापासून सांग, पाहिलंस तेवढंच.'"

हमदुल्लाने पत्र हातात घेतलं. वाचता येत नव्हतं तरी ते उलटसुलट पाहिलं. मग मुनीरकडे कोरा कागद मागितला.

"कशाला?"

"साहेबाला विचारायचे सवाल लिहून दे. इंग्रजीत. मुलं किती, मालक आहे का, पाणी कसं. एकही सोडू नकोस, ती सोडणार नाही."

मुनीर लिहायला बसला. हमदुल्लाची मुंबईची बोट पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला होती.